डेंगी, चिकुनगुनिया, झिका : रक्तातील विषाणूचा माग

पावसाळा ओसरू लागला की शहरांतील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. अंग मोडून आलेले, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ, सांधे आखडलेले. तक्रारी सर्वांच्या थोड्याफार फरकाने सारख्याच. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका हे तीन निरनिराळे विषाणू प्रामुख्याने एकाच डासामार्फत, म्हणजे साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या एडिस इजिप्तीच्या मादीमार्फत पसरतात. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून रोग ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अनेकदा अशक्य होते. मग रक्त तपासणीला जाते आणि एनएस१, आयजीएम, आयजीजी, आरटी-पीसीआर अशी कोड्यात टाकणारी अक्षरे असलेला अहवाल हाती पडतो.

यांपैकी आरटी-पीसीआर ही संज्ञा २०२० च्या कोविड साथीने घरोघरी पोहोचवली. मात्र नाकातील स्रावाच्या त्या चाचणीविषयी जे समज रूढ झाले, ते डासजन्य तापाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे विषाणू रक्तात असतो, आणि तोही मोजके दिवस. चाचणी कितीही अचूक असली तरी तिच्या निकालाचा अर्थ रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले, यावर अवलंबून असतो. हा मुद्दा ध्यानात न घेतल्याने महागडी चाचणी करूनही रुग्णाची दिशाभूल होण्याचा संभव असतो.

पाऊलखुणांवरून चोर ओळखण्याची अडचण

रेण्वीय चाचणी येण्यापूर्वी विषाणूजन्य तापाचे निदान मुख्यतः प्रतिपिंडांवरून होत असे. विषाणू शरीरात शिरला की प्रतिकारयंत्रणा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तात सापडली की विषाणू येऊन गेला असे अनुमान काढायचे. प्रत्यक्ष चोर न पाहता त्याच्या पाऊलखुणांवरून त्याला ओळखण्यासारखाच हा प्रकार. तो उपयुक्त आहे, स्वस्त आहे आणि आजही देशातील बहुसंख्य निदाने याच मार्गाने होतात. अडचण अशी की डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल व पीतज्वर हे सारे एकाच फ्लॅव्हिव्हायरस कुळातले. त्यांच्या पाऊलखुणा एकमेकींशी इतक्या जुळतात की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही 'होय' म्हणतात.

याचे एक बोलके उदाहरण पुण्याशी निगडित आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात 'व्हायरस रिसर्च सेंटर' सुरू झाले. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, अर्थात 'एनआयव्ही' या नावाने ओळखले जाते. त्या आरंभीच्या दिवसांत भारतीय रहिवाशांच्या रक्तजलाची निरनिराळ्या विषाणूंसाठी तपासणी झाली. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १९६ पैकी ३३ नमुन्यांत झिका विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळल्याची नोंद आहे. युगांडातील झिका नावाच्या जंगलात एका माकडामध्ये हा विषाणू प्रथम सापडला तो १९४७ मध्ये, म्हणजे त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. मग भारतात झिका त्या वेळीच वावरत होता काय? की डेंगी किंवा त्याच्या एखाद्या भावंडाविरुद्धची प्रतिपिंडेच झिकाची म्हणून मोजली गेली? केवळ प्रतिपिंडांच्या आधारे हा प्रश्न निकालात काढता येत नाही. रेण्वीय चाचणीने खात्री झालेले रुग्ण अहमदाबादेत आढळल्याची माहिती जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केली ती मे २०१७ मध्ये. मधल्या सहा दशकांत तापाने आजारी पडलेल्यांपैकी कितींना झिका होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

एका रेणूचे कोट्यवधी कसे होतात?

डेंगीच्या विषाणूची सारी कुंडली सुमारे १०,७०० अक्षरांच्या एका आरएनए धाग्यात सामावलेली असते. चिकुनगुनियाचा धागा त्याहून हजारभर अक्षरांनी लांब. या धाग्यातील काही मजकूर त्या त्या विषाणूचा अगदी स्वतःचा असतो. तो मजकूर रक्ताच्या नमुन्यात आहे की नाही एवढेच शोधायचे. मात्र नमुन्यातील धागे इतके सूक्ष्म व संख्येने इतके अपुरे असतात की ते थेट दिसणे शक्य नाही. म्हणून आधी त्यांच्या प्रती काढाव्या लागतात.

प्रती काढणारे पीसीआर तंत्र अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचले व त्यासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे तंत्र डीएनएवर चालते आणि आपले हे विषाणू तर आरएनएवाले. तेव्हा प्रथम आरएनएचे डीएनएत उलट लेखन करावे लागते. ते करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे १९७० मध्ये शोधले होते. या उलट लेखनाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे 'आरटी'. गंमत अशी की 'रिअल टाइम' याचीही आद्याक्षरे तीच, त्यामुळे अहवालातील 'आरटी' नेमके कोणते, असा घोळ जाणकारांमध्येही होतो. आजकालच्या बहुतेक चाचण्या दोन्ही अर्थांनी 'आरटी' असतात.

पुढचा भाग तापवण्या-थंड करण्याचा. नलिकेतील द्रव सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की डीएनएच्या जोडधाग्याचे दोन पदर सुटे होतात. तापमान साठीच्या आसपास उतरवले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे नेमक्या हव्या त्या मजकुरालाच जाऊन चिकटतात आणि तेथून विकर नवा पदर विणू लागते. एका आवर्तनात एकाचे दोन, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात आठ. तीस आवर्तनांत एका धाग्याचे शंभर कोटींहून अधिक धागे होतात आणि यंत्राला हे सारे करायला तास-दोन तास पुरतात. उकळत्या पाण्याच्या जवळपास जाणाऱ्या तापमानात सामान्य विकर टिकत नाही. हे टिकते, कारण ते अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूचे आहे. थॉमस ब्रॉक यांनी १९६९ मध्ये त्या जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा त्याचा रोगनिदानाशी काही संबंध येईल असे कोणाच्या स्वप्नातही नसावे.

डेंगीचे चार उपप्रकार आहेत आणि ते ओळखण्याची एक सुटसुटीत पद्धत रॉबर्ट लॅन्सिओटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. प्रायमर अशा खुबीने निवडले की पहिल्या उपप्रकाराचा तुकडा ४८२ अक्षरांचा निघावा, दुसऱ्याचा ११९, तिसऱ्याचा २९० आणि चौथ्याचा ३९२. जेलच्या पट्टीवर हे तुकडे विजेच्या प्रवाहात सोडले की लहान तुकडा लांब धावतो, मोठा मागे राहतो. कोणती रेघ कुठे थांबली त्यावरून उपप्रकार कळतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी अनेक वर्षे याच चार रेघा पाहून डेंगीचे उपप्रकार नोंदवले. पुढे 'रिअल टाइम' यंत्रे आली. त्यांत जेलची गरज उरली नाही. प्रत्येक आवर्तनागणिक वाढणारा रंगद्रव्याचा प्रकाश यंत्र स्वतःच मोजते. तीन वेगळ्या रंगांची द्रव्ये वापरून डेंगी, चिकुनगुनिया व झिका एकाच नलिकेत शोधता येतात. झिकाच्या जागतिक आणीबाणीच्या काळात, मार्च २०१६ मध्ये, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या 'ट्रायोप्लेक्स' या अशाच चाचणीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली होती.

अहवालात दिसणारी 'सीटी व्हॅल्यू' म्हणजे प्रकाश ठरलेल्या पातळीवर कितव्या आवर्तनाला पोहोचला तो आकडा. विषाणू जितका अधिक तितका हा आकडा लहान. एका नमुन्याचा आकडा १८ आणि दुसऱ्याचा ३६ असेल तर पहिल्यात विषाणूचा मजकूर दुसऱ्याच्या सुमारे अडीच लाख पट असतो. मात्र या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरवण्याचा मोह रुग्णाच्या नातेवाइकांनी आवरावा. नमुना कसा घेतला, कोणत्या दिवशी घेतला, कोणते किट वापरले, यांनुसार तो बदलतो.

तापाचे घड्याळ

डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी डेंगीचा ताप चढतो. विषाणू मात्र त्याच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात उतरलेला असतो आणि ताप सुरू झाल्यावर जेमतेम पाच दिवस तेथे मुक्काम करतो. आरटी-पीसीआरला खरा अर्थ आहे तो याच पाच दिवसांत. त्यातही पहिले तीन दिवस उत्तम. विषाणूच स्रवतो ते एनएस१ हे प्रथिनही पहिल्याच दिवसापासून सापडते व आठवडाभराच्या आसपास टिकते, परंतु दुसऱ्यांदा डेंगी झालेल्या व्यक्तीत जुनी प्रतिपिंडे त्याला घेरून टाकतात आणि चाचणी त्याला हुकू शकते. आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून. दहाव्या दिवसापर्यंत ती जवळजवळ सर्व रुग्णांत आलेली असतात आणि पुढे दोन-तीन महिने रेंगाळतात. म्हणजे पाऊलखुणा उमटू लागतात तेव्हा चोर घराबाहेर पडण्याच्या बेतात असतो.

आता एक नेहमी घडणारा प्रसंग घ्या. घरातील कर्त्या माणसाला ताप येतो, दोन दिवस अंगावर काढला जातो, मग गल्लीतल्या डॉक्टरांचे औषध होते. सहाव्या-सातव्या दिवशी ताप उतरतो, पण अशक्तपणा जात नाही, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून 'सर्वांत भारी' चाचणी, म्हणजे आरटी-पीसीआर केली जाते. अहवाल येतो : विषाणू आढळला नाही. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः या अहवालातून एवढेच सिद्ध होते की त्या दिवशी त्या रक्तात विषाणूचा मजकूर नव्हता. तो तीन दिवसांपूर्वी होता किंवा नाही याविषयी ती चाचणी मूक असते. आणि डेंगीचा क्रूर विनोद असा की ताप उतरण्याचा, विषाणू रक्तातून नाहीसा होण्याचा आणि रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागून रुग्ण अत्यवस्थ होण्याचा काळ बहुधा एकच असतो, आजाराचा तिसरा ते सातवा दिवस. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसत असेल तर हातातील 'निगेटिव्ह' कागद बाजूला ठेवून रुग्णालय गाठणे हेच शहाणपणाचे.

चिकुनगुनियाचे घड्याळ याच धाटणीचे आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात भरपूर असतो, पुढे प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. सांधेदुखी महिनोन्महिने छळत असली तरी त्या वेळी रक्तात विषाणू शोधण्यात अर्थ नसतो. झिकाचा विषाणू रक्तात फारसा मावत नाही आणि लवकर ओसरतो. मात्र लघवीत तो दोन आठवड्यांपर्यंत, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ सापडतो, म्हणून झिकाचा संशय असेल तेव्हा रक्तासोबत लघवीचाही नमुना मागितला जातो. कित्येकांना ही मागणी चमत्कारिक वाटते, ती टाळू नये.

जपानी मेंदूज्वर हा या सर्वांतील अपवाद. भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे होणाऱ्या या रोगात विषाणू रक्तात अल्प प्रमाणात आणि अल्पकाळ असतो. मूल झटके येऊन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचते तोवर तो रक्तातून बहुधा गेलेला असतो. म्हणून येथे आरटी-पीसीआर दुय्यम ठरते व पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवातील आयजीएम प्रतिपिंडांची जुनी चाचणीच प्रमाण मानली जाते. नवे ते सर्वत्र श्रेष्ठ, असा हा हिशेब नाही.

जे प्रतिपिंडे सांगू शकत नाहीत

चिकुनगुनियाने भारतात १९६३ मध्ये कलकत्त्यात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठ्या साथी घडवल्या आणि नंतर तो जवळपास विस्मृतीत गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली, महाराष्ट्रातील गावेच्या गावे सांधे धरून बसली. हा जुनाच विषाणू पुन्हा जागा झाला की नवा आला? पुण्याच्या एनआयव्हीमधील शास्त्रज्ञांनी जनुकीय मजकुराची तुलना केली तेव्हा १९६३ ते १९७३ या काळातील नमुने आशियाई वाणाचे, तर नव्या साथीतील आफ्रिकी वाणाचे असल्याचे दिसले. त्याहून विस्मयकारक होता तो यवतचा नमुना. पुणे-सोलापूर रस्त्यावरील या गावातून २००० साली मिळालेला विषाणूही आफ्रिकी वाणाचाच निघाला. साथ उसळण्याच्या पाच वर्षे आधीच पाहुणा उंबऱ्यावर येऊन बसला होता, आणि त्याची चाहूल कोणाला लागली नव्हती.

डेंगीबाबतही हेच. आयजीएम चाचणी डेंगी झाला एवढे सांगते, कोणत्या उपप्रकाराचा ते सांगत नाही. एका उपप्रकाराने आजारी पडलेल्याला पुढे दुसऱ्याने गाठले तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे शहरात नवा उपप्रकार शिरला आहे का, हे कळणे सार्वजनिक आरोग्यासाठी मोलाचे असते. सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर डेंगीचा चौथा उपप्रकार पुण्यात पुन्हा आढळल्याचे आणि दोन गंभीर रुग्णांशी त्याचा संबंध असल्याचे एनआयव्हीने २०११ मध्ये प्रसिद्ध केले, ते रेण्वीय तपासणीच्याच बळावर.

पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे जुलै २०२१ मध्ये तापाची साथ पसरली. एनआयव्हीच्या पथकाने गोळा केलेल्या नमुन्यांत बहुतांश चिकुनगुनिया, काही डेंगी निघाले आणि एका महिलेच्या नमुन्यात चिकुनगुनियासोबत झिकाही सापडला. महाराष्ट्रातील ती झिकाची पहिली नोंद. चिकुनगुनियाचा निकाल हाती येताच तपासणी थांबवली असती तर झिका नजरेतून सुटला असता.

नलिका, खोल्या आणि यंत्र

आरएनए अत्यंत नाजूक असते. आपल्या त्वचेवरील व घामातील विकरेसुद्धा त्याचे तुकडे करतात. म्हणून रक्त योग्य नलिकेत घ्यावे लागते, शीतपेटीत २ ते ८ अंशांवर ठेवून लवकर पोहोचवावे लागते आणि अधिक काळ ठेवायचे तर उणे ७० अंशांची सोय लागते. रक्त गोठू नये म्हणून नलिकेत हेपॅरिन असेल तर ते विकराच्या कामातच खोडा घालते. उलट दिशेची चूकही संभवते. आधीच्या चाचणीतील कोट्यवधी प्रतींचा एखादा तुषार नव्या नलिकेत उडाला की निरोगी माणूस 'पॉझिटिव्ह' ठरतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत द्रव्ये मिसळण्याची, नमुना घालण्याची आणि यंत्राची जागा वेगवेगळी असते, आणि प्रत्येक फेरीत एक खात्रीचा 'होय' व एक खात्रीचा 'नाही' नमुना सोबत चालवला जातो. प्रयोगशाळा निवडताना सवलतीच्या जाहिरातीपेक्षा याची चौकशी करणे बरे.

चाचणी कोणी करावी?

डेंगीचा संशय असलेल्या प्रत्येकाला आरटी-पीसीआरची गरज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डेंगी, चिकुनगुनिया वा झिका यांवर विषाणूला मारणारे खास औषध उपलब्ध नाही. रुग्णाची काळजी घेतली जाते ती द्रवपदार्थ, पॅरासिटामॉल, रक्तदाब, हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेटवर लक्ष ठेवून. डेंगी नाही अशी खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन यांसारखी वेदनाशामके टाळायची असतात, आणि त्यासाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ व त्यानंतर आयजीएम ही एलायझा चाचणी बहुतेकांना पुरेशी आहे. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात निवडक रुग्णालयांना एनआयव्हीने तयार केलेली आयजीएम एलायझा किटे पुरवली जातात. पंधरा मिनिटांत पट्टीवर रेघ दाखवणाऱ्या झटपट चाचणीला सरकारी निकषांत निश्चित निदान मानले जात नाही; खासगी रुग्णालयांतील रुग्णसंख्या आणि महापालिकेचा आकडा यांत दरवर्षी जी तफावत दिसते तिचे हे एक कारण आहे.

गर्भवतीची गोष्ट मात्र वेगळी. झिकाची लागण झालेल्या पाचपैकी सुमारे चौघांना काहीच लक्षणे दिसत नाहीत, परंतु गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका त्यातून उद्भवतो. शिवाय आपल्याकडे बहुतेक प्रौढांना कधी ना कधी डेंगी होऊन गेलेला असल्याने प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबून तिला 'झिका आहे' किंवा 'नाही' असे सांगणे धोक्याचे. पुण्यात २०२४ च्या जूनपासून एरंडवणे आणि अन्य भागांत झिकाचे रुग्ण आढळू लागले तेव्हा त्या परिसरातील गर्भवतींचे नमुने एनआयव्हीकडे पाठवण्यात आले ते यासाठीच. त्या वर्षात महाराष्ट्रात झिकाचे १४० रुग्ण नोंदले गेले, त्यांतील बहुसंख्य पुण्याचे. अशा परिसरातील गर्भवतीला ताप वा पुरळ आल्यास पहिल्या आठवड्यातच रक्त व लघवी दोन्ही द्यावे, आणि आठवडा उलटून गेला असला तरी लघवीची तपासणी विचारून घ्यावी.

कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आलेली आरटी-पीसीआर यंत्रे डेंगी-चिकुनगुनियासाठीही तशीच वापरता येतात. बदलायचे असते ते किट. नमुन्यासोबत जाणाऱ्या अर्जावर 'ताप सुरू झाल्याचा दिनांक' असा एक रकाना असतो. तो पुष्कळदा कोराच पाठवला जातो. रक्त देताना तो आपल्या हाताने भरून द्यावा, कारण त्या तारखेवाचून आलेला निकाल कसा वाचायचा हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही.